बास्केटखालची जागा

आखातातल्या सित्रा गावी असलेल्या आमच्या कंपनीच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन मी होतो, पण टीम उभी होती रत्नागिरीच्या एका उंच वेल्डरवर. उन्हाळ्यात त्याचं काँट्रॅक्ट संपणार होतं आणि जवळच्याच जुफैरची एक कंपनी त्याला बोलावत होती. राहणार का, असं विचारलं की म्हणायचा, "बघू, इंशाल्ला." असल्या उत्तरावर टीम बांधायची कशी? दुसरा उंच माणूस घेतला तर हा दुखावेल, म्हणून मी कुणालाच घेतलं नाही. तो शिफ्टला असला की आम्ही चौघंच सराव करायचो. पास मात्र त्याच्या रिकाम्या जागेवरच टाकायचो. चेंडू कुंपणापर्यंत घरंगळत जायचा आणि कुणीतरी उचलून आणायचं.

शेवटी तो गेलाच. त्याच्या जागी मग एकाला घेतलं. हिवाळ्यात त्याच्या नव्या कंपनीशीच मॅच पडली. चेंडू घेऊन धावताना मला तो त्यांच्या बास्केटखाली दिसला आणि मी सरळ त्यालाच पास दिला. त्यानेही झेलला आणि वळून बास्केटमध्ये टाकला. पॉइंट आमचे झाले. त्याच्या नव्या टीमवाले ओरडत होते. आम्ही पाचही जण त्याच्याकडे बघत उभे होतो. परत धावायचं कुणाला सुचलंच नाही.