फोर-व्हीलचा दांडा

काटोलजवळ शेतांमधल्या पांदणीत माझी जीप ठणकन आवाज करून थांबली, तेव्हा मी शिकाऱ्याची टोपी घालून बायकोला फोर-व्हील गाडीचं महत्त्व समजावत होतो. खाली वाकून पाहिलं, तर मागच्या चाकांना फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट तुटून लोंबत होता.

शेजारच्या संत्र्याच्या बागेतून एक म्हातारा आला. आधी त्याने चाकांना दगड लावले. मग सावकाश एक संत्रं सोलून आमच्यासमोर एकट्यानेच खाल्लं, आणि माझे कोरे करकरीत पाने घेऊन जीपखाली शिरला. निघालेला प्रत्येक नट तो संत्र्याच्या सालीत नीट ठेवत होता.

तुटका शाफ्ट मागच्या सीटवर टाकून त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं आणि गिअरशेजारच्या, पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणाऱ्या फोर-व्हीलच्या दांड्याकडे पाहिलं. तिथे बायकोची मेथीची पिशवी टांगलेली होती.

"काहून भाऊ, हा दांडा मेथी टांगाले घेतला का?"

बायको इतकी हसली, की मी टोपी काढून ठेवली.

त्याने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, गंजत आलेला दांडा दोन्ही हातांनी ओढला आणि म्हणाला, "समोरच्या चाकाईनं लय आराम केला. आता त्याईले ओढू द्या."

त्या दोन चाकांनी आम्हाला नागपूरला आणलं. म्हाताऱ्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

आता नवा शाफ्ट बसलाय. परवा भाजी घेतल्यावर बायकोने सवयीने पिशवी दांड्याकडे नेली, थबकली आणि माझ्या गळ्यात अडकवली.

"दांडा कामाचा आहे," ती म्हणाली.