पिना मोजणारा

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. तुर्भे नाक्यावर मिक्सर दुरुस्त करणारा एक माणूस होता. खोललेल्या प्रत्येक मिक्सरला तो लाल फीत बांधायचा आणि काम झालं की सोडून खिशात ठेवायचा. एकदा माझा मिक्सर घेऊन गेले तेव्हा मी विचारलंच, "ही फीत कशाला?"

"एअरफोर्सची सवय, ताई. मिराज विमानाला बॉम्ब, मिसाइल लावायचो. प्रत्येकाला लाल फितीची पिन असते. ती असेपर्यंत धोका नाही. उडायच्या आधी काढायच्या, मोजून हातात धरायच्या."

"म्हणजे बॉम्ब टाकणारं विमान?"

"एकच काम करतंय होय ते! विमानाशी लढायचं तर मिसाइल, जमिनीवर हल्ला तर बॉम्ब. लांब जायचं तर तेलाची जादा टाकी. दोन सीटवालं शिकवायला." स्क्रू ड्रायव्हरने त्याने टेबलावर विमानाचा पंख रेखाटला आणि काय कुठे टांगतात ते दाखवलं.

"आणि परत आलं की?"

"सगळे पायलटचं तोंड बघायचे. मी आधी पंखाखाली बघायचो." माझ्या मिक्सरची फीत सोडून त्याने खिशातल्या फिती चाचपून मोजल्या. "लावलेलं तसंच परत आलेलं असलं ना ताई, तर सगळ्या पिना परत जागेवर घालायचो. हातात एकही उरली नाही की बरं वाटायचं."