आधी लिहून घ्या

गयामावशी गेल्याचं मला अंबडच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर कळलं. तिची सून शांता पहिल्या एसटीनं आली होती. "आत्याबाई गेल्या, भाऊजी. सकाळी चहा मागितला, अन्..."  त्याला आता सहा आठवडे झाले.

बहात्तरच्या दुष्काळात मावशी तलावाच्या कामावर माती वाहायची. दरड सुटायला आली आहे असं बायका सांगत होत्या, तरी मुकादमानं त्यांना खाली उतरवलं. दरड कोसळली आणि मावशीची जोडीदारीण कौसाबाई तिच्या डोळ्यांदेखत गाडली गेली. मुकादमावर खटला भरला. "साहेबांचा हुकूम होता," एवढंच तो म्हणत राहिला. साहेबांची, म्हणजे कामावरच्या इंजिनिअरची, चौकशी विधिमंडळाच्या समितीकडं गेली, आणि तिथून खेळ सुरू झाला. कोर्टात सरकारी बाजू तारीख मागे, समितीचा अहवाल येऊ द्या म्हणे. समिती म्हणे, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. मी तेव्हा नवा वकील, मावशीच्या बाजूनं. मलाही दोघांचं म्हणणं कायदेशीर वाटायचं. मावशीला वाटलं नाही.

समिती विश्रामगृहावर आली तेव्हा शिपायाला बाजूला सारून ती आत शिरली. मी मागोमाग. अध्यक्ष समजावू लागले, "बाई, कोर्टाच्या कामात आम्हाला ढवळाढवळ करता येत नाही."

"शिक्षा नका देऊ. ते कोर्टाचं काम. पन मी काय पाह्यलं ते लिहून घ्यायला कोन अडवून राह्यलंय? तुमची हद्द तुम्ही मंग ठरवा. आधी लिहून घ्या."

 ती उभीच... शेवटी कारकुनानं कागद ओढला.

पुढं खटला उभा राहिला तेव्हा मुकादमाच्या वकिलानं हरकत घेतली, समितीपुढचा जबाब इथं चालणार नाही. पिंजऱ्यातून मावशी म्हणाली, "नका वाचू. मी हाय ना इथं, मलाच इचारा." तिनं तेच सांगितलं, शब्दही न बदलता.

मुकादमाला शिक्षा झाली. अहवाल सभागृहात आला, साहेबांची फक्त बदली झाली. मावशीनं ते कधीच मान्य केलं नाही. गावात आमदार आला की भर सभेत उठून विचारायची, "बदली म्हंजे शिक्षा हाय का?" आणीबाणीत लोकांनी तिला गप्प राहायला सांगितलं. ती राहिली नाही.

परवा तिच्या घरी गेलो. ओसरीवर एक अनोळखी बाई बसली होती, तहसिलीतून कोर्टात आणि कोर्टातून तहसिलीत धाडलेली. मावशीलाच भेटायला आली होती.

शांतानं वही उघडली. "आत्याबाई न्हाईत, मी हाय. सांगा, तुम्ही काय पाह्यलं?"