हिरवळीला अस्तर

माझ्या आत्याने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि त्याहून जास्त दुरुस्त केले. फाटलं म्हणून टाकून देणारी माणसं तिला आवडत नाहीत. खांदा आखडल्यामुळे तिला दुकान बंद करावं लागलं, आणि महिन्याभरात घरात तीन कोंबड्या आल्या: बॉबिन, झालर आणि ठिपकी. मी तिच्याकडेच राहते. मानपानात माझा नंबर ह्या तिघींनंतर लागतो.

घर भाड्याचं आहे. वरच्या मजल्यावर घरमालक राहतात. त्यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात झाली आणि निवृत्त झाले तरी मोजायची टेप खिशातच असते. मागच्या अंगणातली हिरवळ त्यांनी हौसेने लावलेली. कोंबड्यांनी तिथे किडे उकरायला सुरुवात केली आणि जिन्याजवळ नुसती माती उरली. त्यांनी टेप लावून पाहिलं.

"अकरा फूट बाय सात फूट," ते म्हणाले. "ताई, दोन महिने देतो. हिरवळ होती तशी करा, नाहीतर कोंबड्या कुणाला तरी देऊन टाका."

मी म्हटलं, देऊन टाकूया. अंडी काय, दुकानात मिळतात.

"दुकान बंद झाल्यापासून माझी वाट कोण बघतं?" आत्याने विचारलं. "तू? तू आठला जातेस आणि सातला येतेस. ह्या तिघी दार उघडलं की पळत येतात. त्या कुठंही जाणार नाहीत."

मला ते झोंबलं, कारण खरं होतं.

आत्या हट्टाला पेटली. कोंबड्यांना खुराड्यात कोंडलं. नर्सरीतून मातीसकट उचललेल्या गवताचे तुकडे आणले, वर्तमानपत्राचे नमुने कापले आणि त्यांबरहुकूम एकेक तुकडा कडेला कड लावून बसवला. सुई जाईल एवढीही फट ठेवली नाही. चार दिवस कडक ऊन पडलं, तुकडे आटले आणि मध्ये बोटभर भेगा पडल्या. नवं कापड भिजवून घेतल्याशिवाय कात्री न लावणारी ही बाई, गवत आटतं हे मात्र विसरली. त्यात मी पाणी ठेवताना खुराड्याची कडी नीट लावली नाही. बॉबिन निसटली, भेगेत चोच घातली आणि पायांनी अख्खा तुकडा उलटा केला. मला हसू आलं. यायला नको होतं.

आत्याने तो उलटा तुकडा उचलून सरळ केला.

"अस्तर हवं होतं," ती म्हणाली.

"खालून?"

"वरून. उसवणारी वरून येते ना."

खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी तिने आणली. तुकडे भिजवून, दाबून पुन्हा बसवले, सांध्यांत वाळू-माती ठासली. वर जाळी ताणून पसरली आणि वाकवलेल्या तारांनी वीतभर अंतरावर टाचली. उजव्या हाताने ओझं उचलवत नव्हतं, म्हणून पाणी डाव्या हाताने, तांब्या-तांब्याने घातलं. रोज सकाळी, सहा आठवडे. मी पाइप आणते म्हटलं तर म्हणाली, पाइपने माती वाहते. पाती जाळीतून वर आली तशी तिने ती शिवणाच्या कात्रीने सारखी केली. हळूहळू जाळी दिसेनाशी झाली. खुराड्यातल्या तिघींना ती रोज वाटीतून किडे नेऊन द्यायची आणि त्यांची माफी मागायची.

ठरल्या दिवशी सकाळी घरमालक खाली आले. चालून पाहिलं, वाकून पाहिलं.

"सांधा कुठं आहे तेच कळत नाही," ते म्हणाले. "ठेवा तुमच्या कोंबड्या."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. आत्या मात्र खुराड्याकडे निघाली. दुकानात तिचा एक नियम होता: दुरुस्त केलेला कपडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत दोन्ही हातांनी ताणून दाखवायचा, मगच द्यायचा. मी तिची बाही धरली.

"आत्या, साहेब हो म्हणालेत. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"ताणून दाखवल्याशिवाय एकही कपडा माझ्या हातून गेला नाही."

"आणि उसवलं तर?"

"तर दुरुस्ती झालीच नव्हती."

तिने कडी काढली. बॉबिन तडक त्याच कोपऱ्यात गेली आणि उकरायला लागली. चार पाती उडाली. नखं जाळीला खरखरली. तिने जागा बदलून पाहिली, पुन्हा जोर लावला. घरमालकांचा हात खिशातल्या टेपवर गेला होता. माती वर आली नाही. बॉबिन थांबली, मान वाकडी करून जमिनीकडे बघितलं आणि मुकाट्याने गवताची टोकं खायला लागली.

"पक्कं आहे," घरमालक म्हणाले आणि वर गेले.

आत्या पायरीवर बसली. झालर आणि ठिपकी पळत तिच्या पायाशी आल्या.

"गेल्या असत्या गं ह्या," ती हळूच म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. त्या दिवशी आठला मी कुठंच गेले नाही.