न पुसलेल्या भिंतीच्या शोधात

अमरावतीच्या बसस्थानकावर परतवाड्याची गाडी लागली आणि मी खिडकीजवळ बसले. शेजारची जागा मीनलची होती. म्हणजे असायला हवी होती. पावसाळ्याआधी आम्ही दोघींनी मिळून चिखलदऱ्याला आणि अकोल्याला एकेका भिंतीवर लेप लावला होता. मोजपट्टीचं एक टोक तिच्या हातात असायचं, दुसरं माझ्या. मग तिला पुण्याला नोकरी लागली. आता नोव्हेंबर संपत आला होता आणि त्या भिंतींचं काय झालं ते पाहायला मी एकटीच निघाले होते.

लेपाबद्दल थोडं सांगते, कारण घरीही मला ते अजून नीट सांगता आलेलं नाही. टायटॅनियम डायऑक्साइड नावाची एक पांढरी पूड असते. तिचे फार बारीक कण द्रवात मिसळून सिमेंटच्या भिंतीवर फवारले तर डोळ्यांना काही दिसत नाही. पण ऊन पडलं की ते कण भिंतीवरच्या धुरकट, तेलकट मळाचे तुकडे पाडतात. पाऊस पडला की पाणी थेंबाथेंबाने न ओघळता सगळीकडे सारखं पसरतं आणि मळ घेऊन खाली उतरतं. निदान प्रयोगशाळेत तसं होतं. बाहेरच्या धुळीत आणि धुरात होतं का, हाच माझ्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. दोन्ही ठिकाणी भिंतीच्या एका चौकोनाला लेप होता, शेजारचा भाग तसाच ठेवला होता. एका जागी तरी फरक दिसायला हवा होता. नाही तर आणखी एक पावसाळा थांबावं लागेल, असं सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा दर्यापूरला बाजार समितीत हमाली करतात. अजून किती वर्षं, असं ते कधी विचारत नाहीत. न विचारलेलं मला जास्त ऐकू येतं.

परतवाड्याला गाडी बदलली. शेजारी मांडीवर संत्र्यांची टोपली घेऊन एक आजी बसल्या.

"कोनाकडे जाऊन राहिली वं माय?"

"कोणाकडे नाही आजी. एक भिंत पाहायची आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कावून? तुमच्या घरी भिंती नाईत का?"

मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे थे भिंत सोताच आंग धुते?"

"हो. ऊन आणि पाणी मिळालं तर."

"मंग माह्या सुनेले लाव थोडसक!"

पुढच्या बाकावरचे दोघे मागे वळून हसले. मीही हसले. घाट सुरू झाला तेव्हा आजींनी एक संत्रं माझ्या हातात ठेवलं आणि डोळे मिटले. मधल्या एका फाट्यावर त्या उतरल्या, आणि पुढे सागाच्या झाडांतून गाडी वर चढत राहिली तेव्हा बोलायला कोणी नव्हतं.

चिखलदऱ्यात उतरले तर धुकं होतं. दुपारचे बारा वाजले होते, पण दिवस नुकताच उजाडल्यासारखा वाटत होता. आमची भिंत एका जुन्या विश्रामगृहाच्या मागच्या बाजूला आहे. पुढच्या बाजूला पर्यटक असतात म्हणून मागची जागा मिळाली होती. तिच्यावर जांभळाच्या झाडाची सावली असते, हे लेप लावताना आम्हाला चांगलं वाटलं होतं. भर उन्हात काम करावं लागलं नाही, एवढाच विचार आम्ही केला होता.

चौकीदार कोरकू आदिवासी होते. माझ्याशी ते हिंदीत बोलले.

"उधर कोई जाता नहीं मॅडम. आपके बाद कोई गया ही नहीं."

भिंत पाहिली आणि मी तिथेच उभी राहिले. लेप लावलेला भाग आणि न लावलेला भाग, दोन्हींवर सारखंच दाट शेवाळ होतं. आमच्या खुणेचे खिळे नसते तर कुठला भाग कुठला हे मलाही कळलं नसतं.

"आपने हरा रंग लगवाया था ना?" चौकीदारांनी अगदी सरळपणे विचारलं. "अच्छा टिका है."

"हां," मी म्हणाले.

ऊनच नाही तर लेप काय करणार? हे इतकं साधं होतं. मोजमापं घेतली, फोटो काढले. मीनलला फोन लावावासा वाटला, पण मोबाइलला रेंज नव्हती. संध्याकाळी दरीच्या कठड्यापर्यंत चालत गेले. तिथे तीन वेगवेगळ्या कुटुंबांनी मला त्यांचा फोटो काढून द्यायला सांगितलं. सगळे दाटीवाटीने उभे राहायचे, मागे धुक्याशिवाय काही नसायचं. मी काढून दिले. चौकीदारांच्या घरून भाकर आणि झुणका आला. झुणका झणझणीत होता. इतका चांगला झुणका मी बऱ्याच दिवसांत खाल्ला नव्हता, पण तसं सांगायला समोर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खाली उतरले आणि परतवाडा, अंजनगाव, अकोट करत अकोल्याकडे निघाले. कापसाचा हंगाम होता. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर, विजेच्या तारांवर, सगळीकडे कापूस अडकला होता. कापसाचे ट्रक पुढून जायचे तेव्हा खिडकीतून धूळ यायची. एरवी मी खिडकी लावून घेतली असती. त्या दिवशी मला ती धूळ हवीशी वाटत होती. अकोल्यात ऊन आहे, धूळ आहे, धूर आहे. लेपाला हवं ते सगळं तिथे आहे, असं मी स्वतःला सांगत होते.

अकोल्याची आमची भिंत एका वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या आवाराची आहे, मोठ्या रस्त्याला लागून. बिनरंगाचं सिमेंट. दोन-तीन ठिकाणी नकार मिळाल्यावर आम्ही इथे विचारलं होतं. तेव्हा विहाराची किल्ली सांभाळणाऱ्या वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, "आपली पोरगी शिकून राहिली, तिले भिंत नाई देनार तं कोनाले देनार?"

ऑटो वळणावर आला आणि ती मला लांबूनच दिसली. आवाराची अख्खी भिंत काळपट करडी पडली होती. तिच्यात एकच चौकोन उजळ होता, लेपाचा. मी ऑटोतून अक्षरशः उडी मारून उतरले. विहाराला कुलूप होतं, आसपास कोणी नव्हतं. रस्त्यावर उभी राहून मी फोटो काढला आणि सरांना पाठवला. लगेच उत्तर आलं: "उत्तम! हाच पहिल्या पानावर घेऊ." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बाबांना फोन करायचा म्हणून नंबरही काढला, मग वाटलं, आधी मोजमापं होऊ देत.

तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. सोबत त्यांच्या शेजारच्या पंचफुलाबाई होत्या.

"जय भीम वं माय! आली का? वाळून गेली तू. जेवत नाई का तिकडे?"

"जय भीम मावशी. जेवते ना. आता जवळून फोटो काढते हं."

"थांब, थांब." त्या विहारात गेल्या आणि बादली, फडकं घेऊन आल्या. "जरासक पुसून घेऊ दे. मंग काढ."

"काय पुसता?"

"थे तुही भिंत."

मला आधी कळलंच नाही. मग मी मोबाइल खाली केला. "मावशी, तुम्ही ही पुसता?"

"हो मंग! दर रविवारी वंदनेच्या आंधी. पौर्निमेले साबन लावून."

"पण कावून?" घरचा शब्द तोंडातून गेला.

उत्तर पंचफुलाबाईंनी दिलं. "तू सांगून गेली का हे भिंत सोताच साफ राह्यते. दिवाईच्या आंधी वस्तीतले पोट्टे (मुलं) पाहून हासून राहिले होते. म्हने, ताईची भिंत तं मळली! वच्छलाले राग आला. म्हने, आपल्या पोरीले खोटं पडू द्याचं नाई."

वच्छलाबाई फडकं पिळत होत्या. चेहऱ्यावर जरा लाजल्यासारखा आनंद होता. आपली गोष्ट उघडी पडली, पण चांगलीच गोष्ट होती, असा.

फोटो सरांकडे होता. तो पाहून कोणालाही काही कळलं नसतं. ही गोष्ट त्या दोघींना आणि मला, एवढ्यांनाच माहीत होती. चिखलदऱ्याला झाडाखाली उभी होते त्याहून मी इथे एकटी होते, समोर दोन मायाळू माणसं असताना.

"मावशी," मी म्हणाले, "ती न पुसता किती मळते, तेच मला पाहायचं होतं."

वच्छलाबाईंचा हात थांबला. "म्हंजे आमी नुसकान केलं तुहं?"

नाही म्हणायला हवं होतं. मला ते म्हणता आलं नाही. मान खाली घातली.

"वर तं तसंच हाय न वं," पंचफुलाबाई एकदम म्हणाल्या. "वच्छलाचा हात कुठी पुरते तिथवर? बुटकी तं हाय थे."

"आन् तू मोठी ताड!" वच्छलाबाई म्हणाल्या, पण लगेच आत जाऊन लोखंडी ड्रम गडगडत घेऊन आल्या.

मी ड्रमवर चढले. भिंतीच्या अगदी वरच्या कडेला वीतभर पट्टा होता. तिथे कोणाचाच हात पोचला नव्हता. लेपाच्या बाजूवरही धूळ होती. मुलं हसली त्यात त्यांची चूक नव्हती. पिशवीतली पांढरी चिकटपट्टी एका बाजूला दाबून काढली, मग दुसऱ्या बाजूला. बिनलेपाची काळी आली. लेपाची करडी.

"तांब्याभर पाणी द्या मावशी."

वच्छलाबाईंनी तांब्या वर केला. बिनलेपाच्या बाजूवर पाणी ओतलं तर ते दोन-तीन ओघळ करून गेलं, मधला मळ तसाच. लेपाच्या बाजूवर ओतलं तेव्हा ते थबकलं, आडवं पसरलं आणि एखादा पातळ पडदा उतरावा तसं सगळं सारखं खाली आलं. धूळ त्याच्याबरोबर आली.

"दिसते का वं काई?" खालून दोघींनी विचारलं.

"दिसते."

"आमाले तं नाई दिसत."

फोटोतही ते नीट आलं नाही.

सरांना तिथूनच फोन केला. पहिला फोटो घेऊ नका म्हणून सांगितलं आणि का तेही सांगितलं. "वीतभर पट्ट्यावर प्रकल्प उभा राहत नाही," ते म्हणाले. "पण दिशा बरोबर आहे. आणखी एक पावसाळा." रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

वच्छलाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भरीत, भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. वाढताना त्या नेहमीपेक्षा कमी बोलत होत्या. निघताना दारात म्हणाल्या, "मंग आता मळू द्याची?"

"हो मावशी."

"अन् पोट्टे हासले तं?"

"हसू द्या."

त्यांना ते पटलं नाही, हे दिसत होतं.

परतीला बडनेऱ्याची गाडी पकडली. मूर्तिजापूर मागे गेलं तेव्हा बाबांना फोन केला आणि आणखी एक वर्ष लागेल असं सांगितलं. "काई गळबळ झाली का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, भिंत चांगली आहे, लोकही चांगले आहेत, तरी वर्ष लागेल. त्यांना ते कितपत समजलं माहीत नाही. "लागू दे मंग," ते म्हणाले, आणि मागे कोणीतरी त्यांना पोत्यांसाठी हाक मारली.

खिडकीबाहेर अंधारत होतं. चिखलदऱ्याच्या भिंतीकडे कोणी फिरकलं नाही, म्हणून तिथलं खरं मला एका नजरेत कळलं होतं. अकोल्याला खरं कळायला वेळ लागणार होता. तरी कुठल्या भिंतीसाठी वर्षभर थांबावं असं कोणी विचारलं असतं, तर मला विचार करावा लागला नसता.

आता दर रविवारी वंदना झाली की वसतिगृहात मला फोन येतो.

"आज भल्ली (खूपच) मळली वं. हात शिवशिवून राहिले माहे."

"राहू द्या मावशी."

"राहू देतो," त्या म्हणतात. मग तिकडून रस्त्यावरच्या ट्रकचे आवाज येत राहतात, आणि फोन दोघींपैकी कोणीच ठेवत नाही.