पांढऱ्या रेघेचा बांध

आमच्या घरासमोरून बेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवं डांबर पडलं, तेव्हा ठेकेदाराने जुन्या पाट्या उपटल्या आणि पट्टे डांबराखाली गेले. पुढे कित्येक महिने रस्ता नुसता काळाकुळकुळीत. ना मधली रेघ, ना वळणाची खूण, ना ‘वाहने सावकाश हाका’. आता रोज एक मुडदा पडणार, असं आम्ही शहाण्या माणसांनी चहाच्या टपरीवर बसून ठरवूनही टाकलं.

घडलं भलतंच. आपला रस्ता कुठवर, हेच कुणाला कळेना. त्यामुळे जो तो चोरासारखा दबकत गाडी चालवू लागला. बेल्ह्याच्या बाजाराला जनावरं नेणारे टेम्पोवाले समोरच्याच्या तोंडाकडे बघून म्हणत, “काढा भाऊ, तुमी काढा आधी.” माझी आई रस्त्यापलीकडच्या वावरात रोज गवताला जाते. तिचे गुडघे दुखतात, चाल मंद. तिने हात वर केला की उसाचा ट्रॅक्टरसुद्धा थांबायचा. एवढी माणुसकी सरकारला फार काळ बघवणार नव्हतीच.

एकदाचे पट्टे आले. मधोमध पांढरी रेघ, दोन्ही अंगांना चकचकीत पाट्या आणि आमच्या दारासमोर झेब्रा क्रॉसिंग. आता आमच्याकडे रेघ म्हणजे बांध, हे साहेबांना कोण सांगणार? सख्खा भाऊ बांध कोरतो म्हणून इथे लोक पिढ्यानपिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. त्याच लोकांच्या हातात स्टेअरिंग. रेघेच्या अलीकडचं डांबर जणू आजोबांनीच सातबाऱ्यावर चढवून ठेवलेलं. आपापल्या हद्दीत सगळे सुसाट सुटले, आणि कुणी कुणासाठी वीतभरही सरकेना.

एके दिवशी आई गवताचा भारा घेऊन त्या झेब्र्यावरून परतत होती. एक टेम्पो तिला घासून गेला. ती कोलमडून खाली बसली, भारा सुटला. ड्रायव्हरने पुढे जाऊन डोकं बाहेर काढलं. “मावशी, मी माज्या साईडनं चाललोय. लाईन सोडली न्हाई.”

खरंच सोडली नव्हती. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली, पण तोवर तो आपल्या हद्दीतून दिसेनासा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून आई आमच्या गोठ्यातल्या गाईचं दावं धरून रस्ता ओलांडू लागली. गाय पुढे, आई मागे. टेम्पोवाले लांबूनच करकचून ब्रेक मारू लागले. गाय दगावली तर काय भरून द्यावं लागेल, हे जनावरांच्या बाजाराला जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. आईचा भाव अजून तिथे कुणी काढलेला नाही.

ती गाय आता भाकड झाली आहे, नुसती खाते. परवा वडिलांनी तिला देऊन टाकायचा विषय काढला. आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, “मंग मी पल्याड जाऊ कशी?”