चढावर उटीशिवाय

ओनेलियो लाबान्यिनोच्या गाडीला तीस वर्षं हँडब्रेक होता. त्याचं नाव विदाल.

विदाल त्याचा मेहुणा. आमच्या सान्तियागो शहरातल्या चढांवर गाडी थांबायच्या आतच तो खाली उडी मारायचा आणि मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळ्याची उटी लावायचा. उटीला आमच्याकडे काल्सो म्हणतात. विदाललाही सगळे काल्सोच म्हणत. खऱ्या हँडब्रेकची मूठ डॅशबोर्डखाली होती. तिला ओनेलियो टोपी अडकवायचा.

ओनेलियोची बायको जाऊन अकरा वर्षं झाली. मेहुणा तेवढा राहिला होता. जानेवारीत तोही मुलीकडे उरुग्वेला गेला. उटी बरोबर घेऊन गेला, आठवण म्हणून. ओनेलियोनं ती स्वतः कागदात गुंडाळून दिली.

ओनेलियो त्रेसष्टचा, मी सव्वीसची. आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो. साहित्याची पदवी घेऊन मी घरी बसले होते, तेव्हा "निदान माझ्याशी तरी बोलत जा" असं तोच म्हणाला होता. साखर कारखाना बंद होईपर्यंत तो तिथं लेथवर होता. त्यानंतर फक्त ही गाडी, बापाची, चोपन्न सालची.

मंगळवार, गुरुवार, शनिवार तो चार जणांना डायलिसिसला नेतो. त्यातली एक माझी आजी, एनेइदा. आजीला चालता येत नाही आणि आमचं दार गल्लीतल्या सगळ्यात उभ्या चढावर आहे. ओनेलियोला पेडलवरचा पाय काढून तिला उचलून आणावं लागतं. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवायचीही सोय नाही. ते पुन्हा चालू करायला चार माणसांनी ढकलावं लागतं, आणि त्याच्या गाडीत ढकलू शकणारं कुणी नसतं.

विदाल गेला त्याच महिन्यात गिअरबॉक्स मोडला. ओनेलियोनं एका कोरियन व्हॅनचा बसवला. तो बसला खरा, पण त्याला तोलणारी आडवी पट्टी नेमकी हँडब्रेकच्या केबलच्या वाटेत आली. आमच्याकडे अशा वेळी केबल कापून टाकतात. निम्म्या शहरानं कापलीय. यानं मात्र तीन आठवडे घेतले, तोवर ते चौघं मिळेल त्या गाडीनं गेले. सायलेन्सरच्या नळीपासून लांब, डाव्या बाजूनं, चेसिसच्या कडेकडेनं नवी वाट काढली. केबल ट्रॅक्टरची, तिला धरणारे आकडे पलंगाच्या लोखंडाचे. कुठंही कोनात वळू दिली नाही.

"कोनात वळली की अडते," तो गाडीखालून म्हणाला. "माणसासारखी नाही. माणूस कोपऱ्यावरून वळला की गेलाच."

गाडीखाली उतरून काम करायला त्याच्या अंगणात खड्डा नाही. गाडी माडाच्या ओंडक्यांवर चढवलेली, मागची चाकं हवेत लोंबत होती. तशातच त्यानं केबल ताणून नट आवळला. मग रिकामी गाडी आमच्या चढावर आणून मूठ ओढली. गाडी थांबली. त्यानं मुठीवरची टोपी काढून डोक्यावर घातली.

गुरुवारी सकाळी तो आला तेव्हा मागच्या सीटवर तिघं होते. आमच्या आधीची तिन्ही घरं सपाटीवर. त्यानं मूठ ओढली, पाय काढला, क्षणभर थांबला. मग आत आला आणि आजीला उचललं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तेवढ्यात मागच्या सीटवरून एल्पिदियो शिंप्याचा आवाज आला.

"ओनेलियो, हिचं घर पुढं चाललंय रे."

घर नव्हे, गाडी मागं सरकत होती. हळू. चाक रस्त्यावरची एक एक फट ओलांडत होतं.

"दामारिस, उटी," ओनेलियो म्हणाला.

उटी उरुग्वेत होती. मी तशीच उभी राहिले.

त्यानं आजीला उंबऱ्यावर ठेवलं, भरलेली घागर ठेवावी तसं. दोन ढांगांत गाडीच्या मागं गेला आणि डिकीला पाठ लावली. त्याचे बूट घसरू लागले. खाली अख्खी गल्ली होती.

"खिडकीतला खल, मुली," आजी म्हणाली. "पुतळ्यासारखी उभी काय राहिलीस?"

लसूण ठेचायचा लाकडी खल खिडकीत वाळत होता. मी तो चाकाखाली सारला. लाकूड कर्रकन वाजलं. गाडी थांबली. ओनेलियो लगेच हलला नाही. डिकीला पाठ लावूनच उभा होता.

"आता तिला आण," मला म्हणाला. मी आजीला कशीबशी गाडीपर्यंत आणलं.

इस्पितळापर्यंत मी खल मांडीवर घेऊन बसले. वाटेत तो एकदाच बोलला. "चाकं लोंबत होती."

मला कळलं नाही.

"लोंबत्या चाकाला केबल लांब लागते. गाडीत माणसं बसली, गाडी खाली बसली की तीच सैल पडते. हवेतल्या चाकाला मोजली मी."

"आणि रिकामी आजमावलीस," एल्पिदियो म्हणाला. "गिऱ्हाइकाशिवाय पँटची कंबर बेतलीस. वर शिवलीसही."

इस्पितळाच्या सपाट अंगणात त्यानं चौघांना उतरू दिलं नाही. "दहा मिनिटं बसून राहा. मला तुमचं वजन हवंय."

"आमचं वजन आत दर वेळी घेतात," आजी म्हणाली. "त्यांना विचार."

पण कुणी उतरलं नाही. मी खल चाकाला लावला. ओनेलियो गाडीखाली गेला. वर चौघं ताठ बसले होते, फोटो काढायला बसल्यासारखे. नर्स दोनदा दारात येऊन गेली. खालून पाना सरकल्याचा आवाज यायचा, मग शांतता. पंधरा मिनिटं लागली.

दुपारी परत निघालो. डायलिसिसनंतर कुणी बोलत नाही. इतर वेळी आजीला शेवटी सोडतात. आज ओनेलियो आधी तिच्याकडे आला, गाडी भरलेली असताना. त्यानं मूठ ओढली. मी खल घेऊन उतरले आणि चाकामागं उभी राहिले.

त्यानं पेडलवरचा पाय काढला नाही. इंजिन चालूच होतं. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते.

"पाय काढ, ओनेलियो," आजी म्हणाली.

"काढतो."

"विदाल येणार नाहीये."

 तो खिडकीतून डोकं बाहेर काढून मला म्हणाला, "बाजूला हो."

"मी खल लावते ना."

"लावलास तर मला कळणार कसं? बाजूला हो, दामारिस."

मी उंबऱ्यापाशी गेले. त्याचा गुडघा वर आला. मी चाकाखालच्या फटीकडं बघत राहिले. टायर दबल्यासारखा झाला, केसभर मागं आला आणि तिथंच राहिला. ओनेलियो दार उघडून उतरला. चाकाकडे पाहिलं नाही. आजीला उचललं, पण धावला नाही. चालत आत नेलं, खुर्चीत बसवलं, तिच्या गुडघ्यांवर चादर टाकली. बाहेर एल्पिदियो मोठ्यानं आकडे मोजत होता. एकशे चाळीसपर्यंत आला होता.

आजीनं हात पुढं केला. "माझा खल."

मी दिला. त्याला तळापासून काठापर्यंत चीर गेली होती. तिनं चिरेवरून अंगठा फिरवला.

"हा आता तुझ्या गाडीत ठेव," ती ओनेलियोला म्हणाली.

"नको," तो म्हणाला. दारापर्यंत गेला. मग परत येऊन घेतला.